थॉरफिनचं वारूळ

'विनलँड सागा' ही माकोतो युकिमुराची व्हायकिंगांवरची जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. तिच्याबद्दल एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "'विनलँड सागा' आठव्या खंडापर्यंत जबरदस्त. लढाया, ॲस्केलाडची डोकेबाज चाल, थॉर्केलचा धिंगाणा. मग नायक गुलाम होतो आणि गहू पेरत बसतो. मार खातो, उलटून हात उचलत नाही. आर्नहाइडला मारलं जातं ते केवळ त्याला शहाणपण यावं म्हणून. कनूत राजा चार वाक्यांत विरघळतो. आणि एवढं सगळं करून शेवटी विनलँडही हातचं जातं. लेखकाकडचं कथानक संपलं होतं, हे सरळ मान्य का करत नाही?"

मान्य करत नाही, कारण मला ते खरं वाटत नाही. पण यातल्या दोन तक्रारी मला पटतात, त्यांच्यापाशी येईनच. आधीच सांगतो, कथा पूर्ण फोडणार आहे. वाचायची राहिली असेल तर इथेच थांबा. बाकीच्यांसाठी पात्रांची उजळणी: थॉरफिन हा नायक, ॲस्केलाड हा त्याच्या बापाला मारणारा टोळीप्रमुख, थॉर्केल हा धिप्पाड, लढाईवेडा योद्धा, कनूत हा डेन राजपुत्र आणि पुढे राजा, आर्नहाइड ही शेतावरची गुलाम बाई. आणि विनलँड म्हणजे समुद्रापलीकडचा, उत्तर अमेरिकेतला प्रदेश.

मी पोटासाठी चित्रकथा आणि जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करतो, वीसेक वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका बालमासिकासाठी वाल्या कोळ्याची आठ पानी चित्रकथा काढली होती. सहा पानं दरोडे, कुऱ्हाड, रांजणात पडणारे खडे. सातव्या पानावर नारद आणि घरच्यांचा नकार. आठव्या पानावर एक चौकट वारुळाची, आणि खालच्या चौकटीत दाढीवाले, तेजस्वी वाल्मीकी ऋषी. संपादक खूश, मीही खूश. नंतर एका शाळेत ती चित्रकथा दाखवली, तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "आत तो काय करत होता?" मी म्हणालो, नामस्मरण. ती म्हणाली, "ते माहितीये. पण ज्यांना मारलं ते त्याला आठवत नव्हते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे कुणालाच त्याची गरज पडली नव्हती. वाल्याचा वाल्मीकी झाला, हे आपण एका दमात म्हणतो. मधली वर्षं मुंग्यांच्या हवाली. माकोतो युकिमुरानं ती वर्षं काढली आहेत, आठव्या खंडापासून चौदाव्या खंडापर्यंत. तुम्हाला कंटाळा आला तो या वारुळाच्या आतला आहे, आणि तो काही प्रमाणात यावा अशीच रचना आहे.

आता "कथानक संपलं होतं" या आरोपाचं बघू. चोपन्नाव्या प्रकरणात ॲस्केलाड मरतो आणि तिथे लेखक जाहीर करतो की प्रस्तावना संपली. आठ खंडांची प्रस्तावना! उद्दामपणाच म्हणायचा, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. तुम्ही ज्याला कथा म्हणताय त्याला लेखक उंबरठा म्हणतोय. हे मागाहून सुचलेलं नाही, याचे पुरावे पहिल्या काही प्रकरणांतच पडले आहेत. आइसलँडमधला लहानगा थॉरफिन खंजीर हातात घेऊन उभा असतो, तेव्हा बाप थॉर्स त्याला विचारतो की यानं तू कुणाला मारणार. शत्रूला, असं पोरगं म्हणतं. बाप म्हणतो, तुला शत्रू नाहीत. कुणालाच नसतात. दुखवून चालेल असा माणूस जगात कुठेच नाही. पुढे शेताच्या पर्वात शंभर ठोसे खाऊन थॉरफिन जे वाक्य बोलतो, ते हेच. आणि मरताना ॲस्केलाड, म्हणजे त्याच बापाचा मारेकरी, पोराला सांगतो की थॉर्स जिथे पोचला त्याच्याही पुढे जा, खरा योद्धा हो. बापानं दिलेला धागा बापाच्या खुन्याच्या हातून पोराकडे येतो. ज्याचं कथानक संपलंय त्याला अशी गाठ मारता येत नाही.

इथे एक गोष्ट ॲनिमे, म्हणजे हिच्यावरची ॲनिमेशन मालिका, बघून मांगाकडे आलेल्यांसाठी. विट स्टुडिओनं 2019 मध्ये पहिला मोसम केला तेव्हा घटना कालक्रमानं लावल्या. आधी बालपण, मग बापाचा मृत्यू, मग युद्धं. मांगात क्रम उलटा आहे. उघडते ती थेट फ्रँकांच्या किल्ल्याच्या वेढ्यावर, जिथे ॲस्केलाडची टोळी चक्क जहाजं खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडते आणि थॉरफिन एका सेनापतीचं मुंडकं घेऊन येतो, द्वंद्वाची परवानगी मिळावी म्हणून. त्यानंतर लहान थॉरफिन आणि "तुला शत्रू नाहीत" हे वाक्य. म्हणजे ते आपण वाचतो तेव्हा त्या लेकराचं पुढे काय झालंय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. ॲनिमेत ते वाक्य बापाचा उपदेश म्हणून येतं. मांगात ते फुकट गेलेला उपदेश म्हणून येतं. मला मांगाचा क्रम जास्त आवडतो, पण पडद्यासाठी दिग्दर्शक शूहेइ याबुता यांनी केलेली निवड समजू शकते. सहा वर्षांच्या मुलाशी प्रेक्षक लवकर जोडला जातो.

आता जरा टोचेल असं बोलतो. पहिल्या आठ खंडांचा नायक थॉरफिन नव्हताच. तो ॲस्केलाड होता. इच्छा त्याला, भूतकाळ त्याला, वेल्श आईची लाज आणि अभिमान त्याला, विनोद त्याला, निर्णयही त्यालाच. थॉरफिनकडे काय होतं? दोन खंजीर आणि एक वाक्य: माझ्याशी द्वंद्व कर. प्रत्येक वेळी हरायचा, पुन्हा काहीतरी कामगिरी करून पुन्हा मागायचा. त्याला मित्र नाही, आवडीचं जेवण नाही, झोपायची ठरलेली जागा नाही. तो सहाव्या वर्षी थांबलेला आहे, फक्त हातपाय वाढलेत. आपण त्याला "कडक" म्हणत होतो. परत वाचून बघा, त्या खंडांमध्ये त्याची दया येते.

असं पात्र हातात असताना ॲस्केलाड मारून टाकल्यावर लेखकापुढे दोनच रस्ते राहतात. नवा शत्रू आणून तीच गिरणी चालू ठेवायची, किंवा आत काहीच नाही हे कबूल करून त्या पोकळीचं चित्र काढायचं. पहिला रस्ता सोपा, खपाचा आणि आपल्या धंद्यात रोजचा. मी स्वतः तो कितीदा घेतलाय, मोजत नाही.

शिवाय पुस्तकाचं नावच बघा ना. थॉरफिन कार्ल्सेफ्नी हा आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कथांमध्ये, येणारा माणूस आहे. 'ग्रीनलँडवासीयांची सागा' सांगते की तो साठ पुरुष आणि पाच बायका घेऊन, सोबत गुरंढोरं घेऊन विनलँडला वस्ती करायला निघाला. गुडरिड त्याची बायको, स्नोरी त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा. तो ओळखला जातो व्यापारी आणि वसाहत करणारा म्हणून. कार्ल्सेफ्नी या टोपणनावाचा अर्थच साधारण "ज्याच्यात माणूस होण्याची लक्षणं आहेत असा" असा होतो. युकिमुरानं या माणसाला तरुणपणी खुनी केलं, ही कल्पनेची भर. शेती हा मूळ माल. तुमची तक्रार उलटी हवी होती: सागांमधल्या या गृहस्थाच्या हाती खंजीर कशाला दिले?

बरं, शेताचं पर्व संथ आहे का? आहे. पण संथ आणि रिकामं यात फरक आहे, आणि तो कागदावर दाखवता येतो.

ही मांगा एप्रिल 2005 मध्ये 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये सुरू झाली. दर आठवड्याला वीसच्या आसपास पानं, आणि शेवटच्या पानावर वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत टांगून ठेवणारी चौकट. त्याच वर्षाच्या अखेरीस ती 'मंथली आफ्टरनून' या मासिकात गेली. आठवड्याचा वेग लेखकाला झेपत नव्हता, हे कारण. पण या बदलाचा कथेवर झालेला परिणाम फार कमी लोक बोलतात. साप्ताहिकात झाड तोडायला तुम्हाला एक चौकट मिळते. मासिकात अख्खं प्रकरण मिळू शकतं. थॉरफिन आणि त्याच्यासोबतचा गुलाम एनार यांना त्यांचा मालक केटिल जंगलाचा तुकडा देतो: साफ करा, गहू काढा, विका आणि स्वतःची किंमत फेडून मोकळे व्हा. मग झाडं तोडणं येतं, आणि झाडं तोडण्यापेक्षा अवघड म्हणजे बुंधे उपटणं. कोकणात किंवा घाटावर ज्यांनी रान मोडून शेत केलेलं बघितलंय त्यांना माहीत आहे, झाड पडतं एका दिवसात, पण खोडवा महिनाभर छळतो. त्या बुंध्यासाठी घोडा हवा. घोड्यासाठी म्हाताऱ्या स्वेर्केलकडे राबायला हवं. आणि तो म्हातारा केटिलचा बाप निघतो, ज्याला पोराच्या श्रीमंतीचा तिटकारा आहे. एका बुंध्यातून चार माणसांची नाती उलगडली. याला मी भरताड म्हणू शकत नाही.

जपानी मांगाकार पानांचा जो कच्चा आराखडा करतात त्याला ते 'नेमु' म्हणतात. चौकटी, फुगे, कोण कुठे बघतंय, एवढंच त्यात असतं. तुम्ही युद्धाच्या पर्वातलं एक प्रकरण आणि शेताच्या पर्वातलं एक प्रकरण घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि नुसत्या चौकटी गिरवा. मी विद्यार्थ्यांकडून हे करून घेतो. युद्धात चौकटी तिरप्या, एकमेकींत घुसलेल्या, आणि थॉरफिनची नजर जवळजवळ सतत समोरच्या माणसावर रोखलेली. शेतात चौकटी आडव्या होतात, आभाळ वाढतं, आणि नजर खाली मातीकडे किंवा दूर जाते. शब्द काढून टाकले तरी कळतं की या माणसाचं जग रुंद होतंय. हे ठरवून केलेलं असतं. थकलेल्या लेखकाच्या पानांत मी असं कधी पाहिलेलं नाही. तिथे पार्श्वभूमी गायब होते आणि नुसती डोकी बोलतात.

आता रांजणाकडे येऊ. गव्हाची रोपं वर आलीत, आणि केटिलचे गडी येऊन ते उपटून टाकतात. गुलामांनी पुढे जावं हे त्यांना बघवत नाही. एनार भडकतो, पण पहिला ठोसा मारतो तो थॉरफिन. मारामारीत तो बेशुद्ध पडतो आणि स्वप्नात एका खोल दरीत कोसळतो, जिथे मेलेले योद्धे अजून एकमेकांना कापत आहेत. वल्हालाची, म्हणजे नॉर्स योद्ध्यांच्या स्वर्गाची, ही दुसरी बाजू. तिथे ॲस्केलाड भेटतो. आणि थॉरफिननं मारलेली माणसं, ज्यांचे चेहरे त्याला आठवतही नाहीत, ती त्याला धरून वर चढू बघतात. जागा झाल्यावर तो हिंसा सोडल्याचं सांगतो. चौथीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. वारुळात बसल्यावर रांजणातला एकेक खडा तोंड घेऊन वर येतो.

लक्षात घ्या, हा निश्चय कुणाचा उपदेश ऐकून झालेला नाही. गव्हाची रोपं उपटली गेली, म्हणून तो झाला. स्वतःच्या हातानं काहीतरी उगवल्याशिवाय, आपण आजवर लोकांचं काय काय उपटलं, हे त्याला कळणारच नव्हतं. म्हणून ती नांगरणी, ते बुंधे, ती पहिली हिरवी टोकं दिसल्यावर झालेला दोघांचा आनंद, सगळं आधी वाचकालाही सोसायला हवं. पानं वगळून हा धक्का बसत नाही. माझ्या आठ पानी वाल्यात तो बसला नाही, याचं कारण मला हे वाचून कळलं.

मार खाण्याबद्दल. शंभर ठोशांचा प्रसंग तुम्हाला नामुष्कीचा वाटला. कनूत राजाला भेटायचंय, पहारेकरी सोडत नाहीत, मग पैज लागते: शंभर ठोसे सोसून उभा राहा. समोर ड्रॉट नावाचा धिप्पाड योद्धा. इथे युकिमुरा एक हुशारी करतो. थॉरफिन नुसता सोसत नाही, तो प्रत्येक ठोशाचा जोर अंग वळवून जिरवतो, आणि बघणाऱ्यांतल्या जाणत्यांना ते कळतं. म्हणजे लढण्याचं सगळं कसब शाबूत आहे. लढाईच्या पर्वात ते समोरच्याला पाडण्यासाठी वापरलं, इथे कुणीच पडू नये म्हणून. त्याला विचारतात, एवढं येतं तर उलट का मारलं नाहीस. मला शत्रू नाहीत, तो म्हणतो. हे वाक्य दुबळ्या माणसाच्या तोंडी असतं तर ती लाचारी झाली असती, आणि ते तसं वाटू नये म्हणूनच आधीचे आठ खंड रक्तानं भरलेत.

अहिंसेचा हा पुतळा आहे असंही समजू नका. आर्नहाइडला पळता यावं म्हणून तो सापाशी, म्हणजे केटिलच्या पहारेकऱ्यांच्या म्होरक्याशी, हातघाईवर येतो. पुढच्या पर्वांतही लढतो. हिंसा हा त्याच्यासाठी शेवटचा उपाय आहे, आणि तो शेवटचा आहे की नाही हे ठरवताना त्याची प्रत्येक वेळी तारांबळ उडते. गंमत त्या तारांबळीत आहे.

आर्नहाइड. इथे तुमची तक्रार मला अर्धी पटते.

नायकाला जाग यावी म्हणून बाईला मारणं, ही आमच्या धंद्यातली जुनी, आळशी खोड आहे. आर्नहाइडच्या बाबतीत ती पूर्ण टळलेली नाही. ती बराच काळ सोसते, रडते, हसते ते दुसऱ्यांकडे बघून, आणि तिच्या मरणानंतर पानं थॉरफिन आणि एनारच्या दुःखाला मिळतात. युकिमुरानं तिला एक तरी अख्खं प्रकरण तिच्या एकटीच्या नजरेनं द्यायला हवं होतं.

पण उरलेली अर्धी बाजूही बघा. केटिल हा मालक म्हणून आपल्याला कसा भेटतो? सौम्य, घाबरट, गुलामांना मोकळं होण्याची संधी देणारा भला माणूस. कितीतरी प्रकरणं आपण त्याला चांगला मालक समजत राहतो. मग संकट येतं, तिचा नवरा गार्डर रक्ताळलेला येतो, ती त्याच्याबरोबर पळू बघते, आणि हाच भला केटिल दंडुका घेऊन गरोदर बाईला मरेस्तोवर बडवतो. मालकी गोड असली तरी मालकीच असते, हे युकिमुरा भाषण न देता दाखवतो. आणि त्यात आपल्यालाही अडकवतो, कारण आपण केटिलवर विश्वास ठेवला होता. मला त्या पानांवर केटिलपेक्षा स्वतःचा राग आला.

गार्डरची गोष्ट तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. तोही कुटुंबासाठीच लढायला गेला होता. लोखंड मिळणाऱ्या दलदलीवरून गावांचं भांडण, आर्नहाइड विनवते की जाऊ नकोस, तो जातो. गावातले पुरुष बाहेर असताना गाव लुटलं जातं, मुलगा हियाल्टी मरतो, ती विकली जाते. लढणारा, न वाकणारा नायक हवा होता ना? तो या पर्वात आहे. त्याच्या शौर्याची किंमत त्याच्या बायकोनं भरली.

आणि मरताना तिला जगवण्यासाठी थॉरफिन आणि एनार तिला विनलँडबद्दल सांगतात. गुलामी नाही, युद्ध नाही अशी जमीन समुद्रापलीकडे आहे, आपण जाऊ. थॉरफिनला लहानपणी लीफ एरिकसन या दर्यावर्द्यानं सांगितलेली गोष्ट तोवर नुसती गोष्ट होती. ती बेत होते ती या बाईच्या उशाशी. तिला मात्र ती पुरत नाही. जगून माझ्यासाठी काय उरलंय, हा तिचा प्रश्न आहे, आणि दोघा पुरुषांकडे त्याला उत्तर नाही. पुढे विनलँडमधल्या वस्तीला ते तिचंच नाव देतात. मला ते नाव स्मारकापेक्षा त्या न सुटलेल्या प्रश्नासारखं वाटतं.

कनूतचं फिरणं घाईचं आहे, ही दुसरी पटणारी तक्रार. समुद्रकिनाऱ्यावरचा तो संवाद आणखी थोडा लांबला असता तर बरं झालं असतं. पण "चार वाक्यांत विरघळला" हे अन्यायाचं आहे. त्याची तयारी कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याला सांभाळणाऱ्या रॅग्नारच्या पदराआड वाढलेला लाजरा राजपुत्र, रॅग्नार गेल्यावर दारुड्या पाद्र्याच्या तोंडून प्रेमाची ती भयंकर व्याख्या ऐकतो: एकावरच माया करणं म्हणजे बाकीच्यांशी भेदभाव. तिथून तो ठरवतो की देव देत नाही तर स्वर्ग मी पृथ्वीवर आणीन, राजाच्या बळानं. त्यासाठी भावाला विष देतो. आणि मेलेल्या बापाचं मुंडकं त्याच्याशी बोलत राहतं. म्हणजे रांजण याच्याही घरात आहे.

थॉरफिन आणि कनूत एकाच दिवशी, एकाच दालनात पोरके होतात. एक ताकदीकडे जातो, दुसरा मातीत. इतक्या वर्षांनी ते समोरासमोर आल्यावर थॉरफिन त्याला हरवत नाही, पटवतही नाही. तुझ्या राज्यात ज्यांना जागा नाही त्यांना घेऊन मी निघून जातो, एवढंच म्हणतो. कनूत हसतो, कारण सगळे त्याच्याकडे मागायला किंवा त्याला मारायला येतात, आणि हा गडी त्याच्या कामातला एक हिस्सा स्वतःच्या डोक्यावर घ्यायला आलाय. लाटांना हुकूम देणाऱ्या कनूत राजाची दंतकथा बाराव्या शतकापासून सांगितली जाते. मुळात ती राजाच्या नम्रतेची होती, पुढे लोकांनी ती उर्मटपणाची केली. युकिमुरा तिच्यात दोन्ही अर्थ एकत्र ठेवतो, आणि ते मला फार आवडतं. शिवाय इतिहासातल्या कनूतनं 1018 मध्ये इंग्लंडकडून प्रचंड खंडणी वसूल करून चाळीस जहाजं ठेवली आणि बाकीचा आपला ताफा डेन्मार्कला परत पाठवला. सैन्य कमी करणारा कनूत लेखकानं हवेतून आणलेला नाही.

व्हायकिंगांच्या तोंडी शांतीची भाषा आधुनिक वाटते, असंही काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी एकच गोष्ट. इसवी सन 1000 च्या सुमारास आइसलँड जुना धर्म की ख्रिस्ती धर्म यावरून फुटायला आलं होतं. निवाडा थॉर्गेर नावाच्या, स्वतः जुना धर्म पाळणाऱ्या कायदेपंडिताकडे सोपवला गेला. तो दिवसभर आणि रात्रभर घोंगडी पांघरून पडून राहिला, आणि उठून म्हणाला की सगळ्यांनी एकच धर्म घ्यावा, ख्रिस्ती. कायदा फाटला तर शांतीही फाटेल. तलवार न काढता सगळ्यांनी ते मानलं. थॉरफिन त्याच बेटावरचा पोरगा आहे.

मग मला या मांगात काहीच खटकत नाही का? खटकतं की. जोम्सवायकिंग या लढवय्या टोळीच्या वारशावरून होणाऱ्या लढायांचं बाल्टिक पर्व मला लांबलेलं वाटतं, आणि तिथला लढाईवेडा गार्म दुसऱ्याच एखाद्या मासिकातून वाट चुकून आल्यासारखा. ज्यांना शेत कंटाळवाणं वाटलं त्यांना नेमकं ते पर्व आवडतं, म्हणून तुमचं माझं जमणं अवघडच. थॉर्केल जहाजांवर ओंडके फेकतो ते गमतीचं, पण केटिलच्या दंडुक्याचं वजन जाणवावं अशा गोष्टीत ते बसत नाही. तरी त्या सगळ्या भागात एक हिल्ड आहे. थॉरफिननं ज्याला मारलं त्याची मुलगी. ती धनुष्य रोखून समोर येते, बाण मारते, आणि मग जीव न घेता त्याच्याबरोबर प्रवास करते, तो शब्दाला जागतोय का हे बघत. रांजणातला खडा आता स्वप्नात राहिलेला नाही, तो रोज सकाळी शेजारी बसून न्याहारी करतोय. "त्याला सहज माफी मिळाली" म्हणणाऱ्यांनी हिल्डच्या चौकटी मोजाव्यात.

शेवट. 2025 च्या जुलैत, वीस वर्षांनी, ही कथा संपली. गावात एक तलवार चोरून आणली जाते, एक भीती वाढते, रोग येतो, मूळ रहिवासी लनू लोकांशी बिनसतं, आणि परत फिरावं लागतं. तुम्ही याला अपयश म्हणता. आहेच. सागांमध्येही ते काही वर्षांतच परत जातात. न्यूफाउंडलंडच्या लान्स ओ मेडोज इथे 1960 मध्ये नॉर्स वस्तीचे अवशेष सापडले, आणि तिथल्या लाकडाचा अभ्यास सांगतो की त्यावरचे लोखंडी हत्याराचे घाव 1021 सालचे आहेत. वस्ती होती, आणि ती सुटली. युकिमुराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपला नायक हरणार आहे. हरणार हे ठाऊक असलेल्या माणसाला वीस वर्षं काढायची, तर लढाई जिंकण्यावर त्याची किंमत ठरवून कसं चालेल? म्हणून त्याला आधी बुंधे उपटायला शिकवलं.

तुम्ही लेखकाचं आधीचं 'प्लॅनेटीज' वाचलं नसेल तर वाचा. चारच खंड आहेत, अंतराळातला कचरा गोळा करणाऱ्यांची गोष्ट. त्यातला नायक हाचिमाकीही गुरू ग्रहाच्या मोहिमेच्या वेडात आतून रिकामा होतो, एका माणसावर पिस्तूल रोखण्यापर्यंत जातो आणि त्याची सहकारी तानाबे त्याला अडवते. ते वाचलं की शेताच्या पर्वाचं आश्चर्य वाटणार नाही.

आणि 'विनलँड सागा' परत उघडणार असाल तर आठव्या खंडापासून नको, पहिल्यापासून. थॉरफिनला एकदाही हसताना पकडता येतं का बघा.